बिब्ब्याचा डाग

लस टोचल्यापासून इनामगावच्या सुषमाचा हात खांद्याच्या वर जाईना. सुई भलत्याच जागी, सांध्यात घुसली, असं शिरूरच्या वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी भरपाईचा दावा लिहायला घेतला. सुषमाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. दुखणं हटेना तेव्हा आईनं, बानूबाईनं, त्याच खांद्याला बिब्ब्याचा चटका दिला होता; काळा डाग काही लपत नव्हता.

"हा बघून समोरचा वकील म्हणेल, खांदा बिब्ब्यानंच गेला," वकीलबाई म्हणाल्या. "चटका कुणी दिला?"

सुषमानं पदर ओढला. "मीच, माझ्या हातानं."

"खोटं कशाला बोलती?" शेजारी बसलेली बानूबाई कडाडली. "चटका म्या दिला, लिहा. पर त्याच्या आधी चार म्हैने हिचा हात डोक्यापत्तोर जाईना म्हून हिची येणी म्याच घालत व्हते, त्ये बी लिहा!"