आईचा लेहचा स्वेटर

लेहसाठी बॅग भरताना आज कपाटातून आईचा मोरपंखी स्वेटर निघाला, डांबरगोळीच्या वासासकट. खूप वर्षांपूर्वी नागपूरच्या एका मे महिन्यात आम्ही तिघं लेहला निघणार होतो. तो नवा स्वेटर घालून आई कूलरसमोर घामाघूम होऊन हसत होती. बाबांनी तिचे कपडे बॅगेतून काढून पलंगावर टाकले.

"तू काहून येऊन राहिली वं? दोन पायऱ्यांत धाप लागते. तिथं कोण सांभाळन तुले?"

आई त्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. मला आनंदच झाला. माझ्या बुटांना जागा मिळाली. तरी चेन लागेना.

"आई, बस ना जरा वर," मी म्हणालो.

स्वेटर न काढताच ती बॅगेवर बसली, आणि मी चेन ओढली.