काकूंचा आवाज मी बंद केला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गेल्या डिसेंबरात उद्योजकांच्या मेळाव्यात ‘येत्या वर्षाचे मार्केटिंग ट्रेंड’ या माझ्या भाषणात ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, तो मुद्दा माझा नव्हता. वाळूजला मेस चालवणाऱ्या शोभाकाकूंचा होता. आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी तो मीच मोडीत काढला होता.

माझं गारखेड्यात मार्केटिंग कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक कशाला भुलेल, धंद्याने कशाची तयारी ठेवावी, हे मी दर डिसेंबरात सांगतो. निम्मे ट्रेंड परदेशी याद्यांमधून उचलतो आणि त्यांना आपल्याकडचे कपडे घालतो. त्या वर्षी यादीत पहिला होता चॅटबॉट. म्हणजे गिऱ्हाइकाशी माणसाऐवजी मेसेजवर बोलणारं सॉफ्टवेअर. स्लाइड तयार होती, केस स्टडी नव्हती. केस स्टडी म्हणजे ‘आमचं ऐकून यांचं भलं झालं’ असा दाखवता येणारा माणूस.

त्यासाठी मी काकूंना धरलं. कारखान्यांतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना त्या डबे देतात. त्यांचं सगळं मार्केटिंग म्हणजे रोज सकाळी ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज.

“ऐका रे मुडद्यांनो, आज शेपू हाय. नाकं मुरडू नका. ज्याला नको त्याला पिठलं टाकते. डबा पायजे त्यानं अंगठा टाका.”

की धडाधड अंगठे.

मी म्हणालो, “काकू, हे जुनं झालं. सगळं ऑटोमॅटिक करू.”

“मंग सकाळी मी काय करू?”

“आराम.”

“आराम केला की कंबर धरती माझी, साहेब.” त्या हसल्या. पण शिकलेला माणूस सांगतोय म्हणून ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर चॅटबॉटच्या अ‍ॅपमधून लेखी मेसेज जायला लागला. ‘प्रिय ग्राहक, नमस्कार. आजच्या मेनूसाठी १ दाबा. ऑर्डरसाठी २ दाबा.’

फार कुणी काही दाबलं नाही.

मला वाटलं, फोटो हवा. भाजीचा फोटो टाकला. मग वाटलं, ऑफर हवी. रविवारी गुलाबजाम फ्री केले. डबे घटतच गेले. तिसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. त्यांच्याकडे भाकऱ्या थापायला दोन बायका होत्या. “कमलला उद्यापासून नको म्हणलं मी. कामच नाय, तर काय करू?” आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

मी शिफ्ट सुटायच्या वेळी एका कारखान्याच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. काकूंचं एक जुनं गिऱ्हाईक सापडलं, पन्नाशीचे एक वेल्डर.

“काकूंचा डबा का सोडलात?”

“बंद पडला नव्हं?”

“चालू आहे की! मेसेज येतो ना रोज?”

“त्यो प्रिय ग्राहकवाला? त्यो आमाला नसंल. आमी मुडदे.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “काकूचा आवाज यायचा बंद झाला, तवा समजलो लई आजारी हायेत. आजारी माणसाला डबा कसा मागायचा? इचारायचंबी जीवावर आलं.”

म्हणजे गिऱ्हाइकं तुटली नव्हती. माणुसकीनं गप्प बसली होती. असलं कारण कुठल्याच परदेशी यादीत नव्हतं.

मी तडक मेसवर गेलो. खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, “काकू, अ‍ॅपमध्ये बिघाड झाला होता. काढून टाकलंय. तुमचा आवाज नाही म्हणून लोकांना वाटलं, तुम्ही आजारी आहात. तुम्ही आपलं पहिल्यासारखंच बोला.”

“असू द्या हो. मशीनच ती. तुमचा काय दोष?” असं म्हणून त्यांनी माझ्यापुढं भाकरी आणि ठेचा ठेवला. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी ग्रुपवर आवाज आला. “मुडद्यांनो, जित्ती हाय मी! शेपूच हाय.” इतके अंगठे त्या ग्रुपवर कधी पडले नसतील. महिन्याभरात डबे जवळजवळ पूर्ववत झाले. कमलताई मात्र तोवर एका पॅकिंग युनिटला लागल्या होत्या. तिथं दिवसभर उभं राहायचं काम.

डिसेंबरात मी चॅटबॉटची स्लाइड खाली ढकलली आणि वर नवी घातली. ‘ट्रेंड क्रमांक एक: ओळखीचा आवाज.’ हॉल खूश. एकाने विचारलं, “सर, हे सुचलं कुठून?”

“फील्ड रिसर्च,” मी म्हणालो.

चॅटबॉट वाईट नाही, माझ्या ऑफिसातही आहे. पण पुढच्या वर्षीची तयारी करण्याआधी आज धंदा कशावर चाललाय, हे एकदा कान देऊन ऐकावं. काकूंचा एकही मेसेज मी आधी पूर्ण ऐकलेला नव्हता.

यंदाच्या भाषणाचं निमंत्रण आलंय. त्या हॉलमध्ये काकूंचं नाव घ्यायचं राहिलंय. अ‍ॅपमध्ये बिघाड नव्हता, हे काकूंना सांगायचं राहिलंय. आणि तुमचं काम माझ्या एका स्लाइडपायी गेलं, हे कमलताईंना सांगायचं राहिलंय.