आंबटबुवाचं मडकं

आंबटबुवा दिसण्याआधी त्याचा वास यायचा. शिंदी, ओलं पीठ आणि घाम यांचा मिळून असा काही दर्प, की जेवत असलो तर घास खाली ठेवावा. मी तोफखान्याचा सुतार, तोफांच्या गाड्यांची चाकं बसवणारा. आणि माझ्या दुर्दैवानं माझं घर त्याच्या भट्टीला लागून. तोफखान्यातल्या गोव्याकडच्या गोलंदाजांसाठी तो पाव भाजायचा. रंगानं माझ्याहून काळा, पण येशूला भजायचा म्हणून लोक त्याला फिरंगी म्हणत. आम्ही शेजारी तोंडावर आंबटबुवा म्हणायचो आणि तो खुशाल ओ द्यायचा.

दर्पाचं मूळ होतं एक मडकं. मळलेल्या पिठातला एक गोळा तो त्यात राखून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी नव्या पिठात मिसळायचा, आणि पुन्हा एक गोळा पुढच्या दिवसासाठी. याला तो खमीर म्हणे. त्याची बायको मारीबाई हिनं लग्न होऊन येताना ते गोव्याहून मांडीवर धरून आणलं होतं. एकदा त्यानं कौतुकानं फडका उचलून मला दाखवलं. राखाडी, चिकट, बुडबुडे काढणारं काहीतरी, आणि ते चक्क हलत होतं. मी ओकायचाच राहिलो.

"जिवंत आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगतो, झाक."

मग चालून आलेल्या फौजांनी पुणं लुटलं. खाली पैसा पुरलाय म्हणून शिपायांनी त्याची भट्टी फोडली आणि राख उकरून गेले. पाठोपाठ दुष्काळ. त्या दिवसांतलं पुणं आठवलं की अजून मळमळतं. मुठेकाठी कुत्री प्रेतं ओढत होती, माणसं चिंचोके उकडून खात होती, आणि पेठेतला एक दाणेवाला कपाळभर गंध लावून ज्वारीत खडे मिसळत होता. माझ्या डोळ्यांदेखत! वर "देवाची इच्छा" म्हणून उसासे टाकायचा. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटायचं, पण घसा कोरडा पडलेला.

आंबटबुवाला तोफखान्यातून मूठभर पीठ मिळायचं, तेही कोंड्यासकट. त्यातलं चिमूटभर तो मडक्यात टाकायचा. ते पाहून माझं डोकं फिरलं.

"अरे, माणसं मरतायत आणि तू त्या घाणीला जेवू घालतोस?"

"माझ्या वाटचं घालतो. तुझ्या ताटातलं नाही ना?"

"मेलंय ते. आता वाससुद्धा येत नाही."

फडका नीट बांधत तो म्हणाला, "मेलं नाही, निजलंय."

नवं पीठ आंबवायला शिंदी लागते, आणि ती काढणारे केव्हाच परागंदा झाले होते. हे खमीर गेलं तर दुसरं लावायला त्याच्याकडे काही नव्हतं. ते मला कळत होतं. पण पोटात आग पडलेली असताना दुसऱ्याची खात्री बघवत नाही.

मग मारीबाई गेली. क्रूसाच्या देवळामागं तिला पुरलं. मीही खांदा दिला. घरी येऊन त्यानं हात धुतले आणि पहिलं काम काय केलं, तर मुठीत पीठ घेऊन मडकं उघडलं. मला इतकी किळस आली की मी ओरडलोच, "बायको गेली रे तुझी!"

तेव्हा तो रडला. भिंतीला टेकून, हमसून हमसून, मुठीतलं पीठ सांडू न देता. मग नाक पुसून म्हणाला, "आमचा देव स्वतः थडग्यात निजून उठलाय. वाट त्याच्या पायाखालची आहे. तो तिला उठवील. तोवर तिचं मडकं मी सांभाळतो."

माझ्याकडे तिच्यासाठी तेवढंही नव्हतं.

पाऊसपाणी झालं, गहू आला. आम्ही दोघांनी भट्टी पुन्हा लिंपली. तो चिमूट चिमूट वाढवत गेला आणि एके दिवशी पाव टम्म फुगले. प्रत्येकावर त्यानं चाकूनं क्रूस ओढला, आणि पहिला पाव घेऊन देवळामागं जाऊन आला. गल्लीत पुन्हा तो दर्प सुटला आणि मी पुन्हा शिव्या द्यायला मोकळा झालो.

पुढं त्याला पटकीनं गाठलं. त्याचं ते सगळं मी काढलं. त्याचं वर्णन करणार नाही. डोळे खोल गेले होते, पण आवाजात भीती नव्हती. "माझी काळजी नको. मी निजतोय. मडक्याचं बघ."

"मी हात लावणार नाही त्याला."

"खाऊ नकोस. नुसतं जगव."

त्याला मारीबाईशेजारी पुरलं आणि मी ते मडकं घरी आणलं. त्याच्या आजारपणात कुणी बघितलं नव्हतं. वर काळसर पाणी साचलेलं, वास मुळीच नाही. नाक मुरडत मी पाणी ओतून टाकलं, मूठभर पीठ घातलं, फडका बांधला. दोन दिवस काही नाही. स्वतःलाच शिव्या घालत पीठ घालत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो फडका उचललेला, आणि ते राखाडी लडबडीत प्रकरण काठावरून ओघळून माझ्या हत्यारांवर, रंध्यावर, किकऱ्यांवर पसरलेलं. घरभर तोच दर्प. असली शिसारी मला जन्मात आली नव्हती. मी बायकोला हाक मारली, "अगं, धावत ये! उठलंय!"