हाड म्हटलं की उडी

तिसगावच्या रोझीबाईंनी सारी नोकरी अंगणवाडीत केली, पण एकाही लेकरावर कधी हात उगारला नाही. दंगा करणाऱ्याकडे त्या बघायच्याच नाहीत. मांडी घालून बसलेल्याला मात्र "शाबास रे माझ्या राजा" म्हणत जवळ घ्यायच्या. बघता बघता सगळा वर्ग मांडी घालायचा. त्यांचे यजमान अब्राहाम यांना त्याचं मोल कळलं ते फार उशिरा, अर्धांगवायूतून उठून काठीनं चालू लागल्यावर.

घरचा कुत्रा चिक्कू अब्राहामांवर जीव टाकायचा. ते दिसले की पंजे थेट छातीवर. त्या लाडात एकदा ते अंगणात आडवे झाले. मुलगा स्टीफन फोनवर म्हणाला, "पप्पा, येत्या रविवारी टेम्पो आणतो. त्याला मळ्यावर नेतो." अब्राहामांना घास गोड लागेना. आजारपणात त्यांचं अडखळतं बोलणं दिवसभर ऐकत बसलेला चिक्कूच एक होता.

ते "हाड, हाड" ओरडत, तसा चिक्कू जास्तच उसळे. शेजारच्या गोजरबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "आवं दादा, मटनाचं हाडूक दावून 'हाड हाड' करत तुमीच बोलावता. आन त्याच सबदानं हाकलता व्हय? त्यानं समजायचं तरी काय?"

रोझीबाई पोट धरून हसल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आजपासून तो शब्द बंद. उडी मारली की बोलायचं नाही, बघायचं नाही. खाली बसला की लगेच भाकरीचा तुकडा आणि शाबासकी."

आधी रोझीबाईंनी स्वतःच करून पाहिलं, अब्राहाम खुर्चीतून बघत होते. चिक्कू सुरुवातीला आणखीच चेकाळला. "बाई, तुझी शाळा बुडाली," ते हताश होऊन म्हणाले. रोझीबाई नेटानं करतच राहिल्या.

रविवारी चर्चहून आल्यावर स्टीफन दोरी घेऊन उभा राहिला. अब्राहाम काठी टेकत अंगणात उतरले. चिक्कू धावत आला. त्यांनी नजर वर केली नि गप्प उभे राहिले. कुत्रा घुटमळला, शेपूट हलवत खाली बसला. तुकडा दुबळ्या हातात होता. बोटं उघडायला वेळ लागला. चिक्कू थांबला.

स्टीफननं दोरी परत टेम्पोत टाकली.

जेवणाआधी अब्राहामांनी अन्नासाठी देवाचे आभार मानले. मग अडखळत रोझीचं नाव घेतलं आणि पुढे बोलवेना.

"आमेन म्हणा," रोझीबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "रस्सा निवतोय."