नेमणूकबाई

कालपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आज वरणात मीठ दोनदा पडलं... कुणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून इथे लिहितेय.

झालं असं, की दहावीच्या सुट्टीत आमच्या गार्गीने कादंबरी लिहायला घेतली. हिंदीत, मुलांसाठी, पुढच्या काळातल्या एका शहराची. काल दुपारी वही घेऊन आली आणि टाइप करून दे म्हणाली. मी नवा रायपूरला एका सरकारी ऑफिसात नेमणुकांचे आणि बदल्यांचे आदेश टाइप करते, तेव्हा घरातलं टायपिंगही माझ्याच गळ्यात पडतं.

आता टाइप करणारा माणूस वाचत नाही बरं का. डोळ्यांतून शिरतं आणि बोटांतून निघून जातं... किती जणांना मी बस्तरला पाठवलं असेल, नाव एकाचं आठवत नाही.

पहिली तीन पानं अशीच गेली. त्या शहरात रस्ते रुंद, सरळसोट, आणि त्यांवर माणूस नाही. हे तर मी रोज बसमधून बघते, म्हणून जरा हसू आलं.

तिथे प्रत्येकाला जन्मभराचं एकच काम. कुणी दिवेवाले, कुणी पाणी मोजणारे, आणि कुणी धूरवाले... त्यांनी धूर गिळायचा, म्हणजे बाकीच्यांचं आभाळ स्वच्छ राहतं. धूरवाल्यांच्या कॉलरी रोज काळ्या होतात म्हणे. माझा नवरा सिलतऱ्याला स्टील प्लांटमध्ये आहे, त्याच्या कॉलरी मीच घासते. पोरीचं लक्ष असतं तर, असं वाटून कौतुकही वाटलं.

मग पात्रांची यादी आली. नायिका चौदा वर्षांची, आणि तिच्याविरुद्ध एक नेमणूकबाई. वर्षभराच्या बाळांपुढे ही बाई वस्तू मांडते, आणि बाळ ज्याला हात लावेल ते त्याचं काम. नियम अगदी न्यायाचा... फक्त कुणाचं लक्ष नसताना बाई तिला हवी ती वस्तू हळूच बाळाकडे सरकवते. तिच्या हातात हिरव्या बांगड्या.

माझी बोटं थांबली.

आपल्याकडे उष्टावणाला बाळापुढे ताट ठेवतात ना, पुढे काय होणार ते बघायला... गार्गीपुढेही ठेवलं होतं. पेन, पुस्तक, अंगठी, मातीचं ढेकूळ आणि खेळण्यातला स्टेथोस्कोप. ती सरळ ढेकळाकडे रांगत निघाली, आणि मी स्टेथोस्कोप पुढे ढकलला.

तेव्हापासून आल्यागेल्याला मी सांगत आलेय, की हिने डॉक्टरकी स्वतःच निवडली. नणंदेने काढलेला व्हिडिओ घरातच आहे, त्यात माझा हात दिसतो, बांगड्यांसकट. पोरगी तो इतका नीट बघेल असं मला वाटलंच नव्हतं.

आणि अकरावीचा फॉर्म? तो मी गुरुवारीच भरून ठेवलाय. बायोलॉजी. तिची फक्त सही बाकी आहे आणि शाळेत द्यायची शेवटची तारीख उद्याची.

आधी रागच आला. एवढं मरमर मरायचं आणि वर खलनायिका व्हायचं... भांडी आपटून झाली. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू पोट्टीलेच विचार न. मले काहून सांगून राहिली?"

शेवटी तिलाच विचारलं, ही बाई मी आहे का. मी मराठीत विचारलं, उत्तर नेहमीसारखं हिंदीत आलं.

"हव. ऐसे बोलती तो तुम समझाने बैठ जातीं, मम्मी. टाइप करते-करते कहीं तो रुकोगी, इसलिए दिया."

मग तुला काय व्हायचंय, असं विचारलं. मनात सगळी तयारी होती. चित्रकार म्हणाली तर काय बोलायचं, लेखिका म्हणाली तर काय बोलायचं... मुद्दे काढून ठेवले होते.

ती म्हणाली, "अभी नहीं पता."

माझी सगळी नोकरी रिकाम्या जागा भरण्यात गेली. रिकामी जागा नुसती बघत बसायची, हे मला कुणी शिकवलंच नाही.

आज सकाळी नवा फॉर्म काढून आणला आणि कोराच तिच्या टेबलावर ठेवला. उद्या विषय तर लिहावाच लागेल, आणि ती काय लिहील ते मला ठाऊक नाही. पाणी हवंय का, पंखा वाढवू का, असं करत चार वेळा आत डोकावून आलेय. हात शिवशिवतात, खोटं कशाला बोलू...

माझंही सगळं माझ्या आईनेच ठरवलं होतं. राग आला होता, पण मी तिला कधी बोलले नाही, आणि ती गेली तेव्हाही ते माझ्या पोटातच राहिलं. गार्गीने तिचा राग लिहून काढला, आणि सगळ्यांत आधी वाचायला मला दिला.