शालिनीताईंचं जपान आणि हदगावचा पाळणा

शालिनीताईंना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक काढायला घेतलं आणि लिहिणाऱ्यांत माझंही नाव घातलं. बाकी सगळे प्राध्यापक आहेत. मी रेणापूरच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, त्यातही गोवर निघाला तेव्हा बरेच दिवस घरीच होते. पण शालिनीताई आमच्या लातूरच्या घरी वरच्या खोलीत राहतात. त्यांनी कुठला सिनेमा बघितला, कधी हसल्या, कधी नाक ओढलं, हे प्राध्यापकांना काय कळणार? ते मला खाली स्वयंपाकघरात ऐकू येतं. म्हणून मी लिहिते.

त्यांची माझी पहिली ओळख झाली ती अशी. लातुरात खोली बघायला येणारा माणूस बहुतेक शिकवणीच्या पोराचा बाप असतो. त्या दिवशी दारात उंच अंगाच्या बाई उभ्या. इरकल नेसलेल्या, कपाळाला कुंकू, आणि लेकरू धरावं तसा छातीशी टीव्ही धरलेला. आमच्या मालकांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि हा टीव्ही."

आवाज चांगलाच भारदस्त होता. मालक तसेच आत आले आणि माझ्या कानात म्हणाले, "अगं, ही बाई हाय का बाप्या?" आमच्या मालकांचं कानातलं बोलणं पार गंजगोलाईच्या बाजारापर्यंत जातं.

बाहेरून उत्तर आलं, "बाई हाय, काका. जन्माच्या वेळी घरच्यांचा अंदाज जरा चुकला."

मालकांना हसू आलं की त्यांची टोपी हलते. टोपी हलली. मी किल्ली काढून दिली. मालक म्हणाले, "टीव्ही जड असंल, आणा इकडं," आणि स्वतः जिन्यावरून वर घेऊन गेले. पुढं आठवडाभर कंबरेला बाम मीच चोळला, ती गोष्ट वेगळी.

ताई चित्रकला शिकवतात. आमच्या गावात ज्या शिकवणीनं डॉक्टर होता येत न्हाई ती शिकवणीच नव्हं असा समज आहे. एकदा एक गृहस्थ पोरीला घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, चित्रकलेनं नीटला मार्क वाढतात का?" ताई शांतपणे म्हणाल्या, "बेडूक चांगला काढता येईल." पोरगी राहिली. आज ती खरंच डॉक्टर आहे आणि ताईंच्या गुडघ्याकडं तीच बघते. बेडूकही चांगला काढते म्हणे.

पण ताईंचं खरं काम वेगळं. जपानमध्ये चित्रं काढून जे सिनेमे आणि मालिका करतात, त्यांना आमची नात आणि तिच्या मैत्रिणी ॲनिमे म्हणतात. त्यांत ताईंसारखी माणसं, म्हणजे जन्मताना मुलगा धरलेली पण बाई असलेली, किंवा मुलगी धरलेला पण गडी असलेला, कशी रंगवलेली असतात, हे ताईंनी वर्षानुवर्षं बघितलं, लिहिलं, लातूर-नांदेडच्या कॉलेजांत जाऊन सांगितलं. रविवारी दुपारी जेवणं उरकली की त्यांच्या खोलीत सिनेमा लागायचा. पोरी यायच्या, शेजारच्या गंगाबाई यायच्या, आणि मी वाळवणाचं काम घेऊन बसायची.

पहिल्या रविवारी माझी फजिती झाली. एक लांब केसांची, नाजूक हनुवटीची, मोठ्या डोळ्यांची पोरगी पडद्यावर आली. मी म्हणाले, "पोरगी सुंदर हाय, पण तलवार कशाला दिली तिच्या हातात?" पोरी ओरडल्या, "आजी, तो हिरो हाय!" मग दुसरी आली, तीही हिरोच निघाली. तिसऱ्या वेळी रुंद खांद्याचं, राठ आवाजाचं माणूस आलं. मी म्हणाले, "हा मात्र गडी हाय, मला फसवू नका." ताई म्हणाल्या, "मावशी, ही बाई हाय. हिच्यासाठीच तर सिनेमा लावलाय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या सिनेमांत अशी बाई आली की तिची हनुवटी निळसर रंगवायची, म्हणजे दाढी केलीय हे लोकांना कळावं. ओठ जाड, आणि ती सारखी हिरोच्या मागं धावणार. ती दारात आली की एक ढँण असं वाजतं, बाकीच्यांची तोंडं उतरतात, आणि बघणारे हसतात. काही गोष्टींत ती खलनायक, नखं रंगवून हसत हसत माणसं मारणारी. काही गोष्टींत लई शहाणी आणि जादूगार, पण शेवटी हिरोसाठी मरणारी. मुलीचा झालेला गडी असला तर तो बहुतेक मुका-मुका, गूढ. कधी सिनेमा हिंदीत आणताना अशा बाईचा चक्क दादा करून टाकतात. "जपानातून निघाली तेव्हा ताई होती, इथं उतरली तर दादा," असं शालिनीताई म्हणाल्या तेव्हा गंगाबाई म्हणाल्या, "आमच्या रेशन कार्डावर माझंबी असंच झालतं."

अलीकडं मात्र बरं चाललंय, असंही ताई सांगतात. एखाद्या शाळेतल्या पोरीची साधी गोष्ट असते, गणवेश कुठला घालायचा एवढाच तिचा घोर असतो. जपान्यांची उगीच निंदा त्या करत न्हाईत. आपल्या जत्रेतल्या नाच्यालाही लोक असेच हसतात, हे त्या प्रत्येक भाषणात सांगतात.

नांदेडच्या भाषणाला मी पुढच्या रांगेत होते. त्यांनी निळ्या हनुवटीच्या बाईचं चित्र पडद्यावर लावलं. पोरं खदाखदा हसली. ताईंनी हसू दिलं. मग विचारलं, "ही आता घरी जाईल. तिला जेवायला कोण वाढतं?" ताई म्हणाल्या, "गोष्ट लिहिणाऱ्यानंही हा विचार केलेला न्हाई. आपण करू." मला तर लगेच उठून त्या बाईला वाढावंसं वाटलं.

आणि मी एकदा वाढलंच. ती हकीकत सांगते.

एका रविवारी सिनेमात अशीच एक बाई होती. खानावळ चालवायची. सगळ्यांना खाऊ घालायची, दोन पोरांना सांभाळायची, आणि शेवटी त्यांना वाचवताना मेली. पोरं पळत सुटली, गाणं लागलं, सिनेमा संपला. मला राहवेना. आमच्याकडं कुणी गेलं की त्या घरी चूल पेटत न्हाई, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात. त्या मेलेल्या बाईच्या माणसांत ताईंशिवाय मला कुणीच दिसेना. मी खाली आले, डोक्यावरून पाणी घेतलं, पिठलं हाटलं, भाकरी थापल्या आणि ताट झाकून वर गेले.

मालक जिन्यात आडवे आले. "कोण गेलं?"

"जपानची बाई."

"तुझी कोण ती?"

"माझी न्हाई, ताईंची. सरका."

ताईंनी दार उघडलं, ताट बघितलं, माझे ओले केस बघितले आणि आधी त्या खूप हसल्या. हसता हसता खाली बसल्या आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, "मावशी, असल्या कितीतरी बाया मरताना बघितल्या मी. कुणी पिठलं घेऊन आलं नव्हतं." मग भाकरी मोडून खाल्ली. खाता खाता म्हणाल्या, "मला एकच गोष्ट बघायचीय. अशी बाई असावी, आणि ती कुणाची तरी आत्या असावी. मरायला नको, जादू नको. आत्या. लई शोधली, सापडंना."

त्या हे का म्हणत होत्या ते मला ठाऊक होतं. ताई हदगावच्या. तरुणपणी साडी नेसायला लागल्या आणि घर सुटलं. भाऊ अधूनमधून फोन करायचे, कापूस किती झाला, सोयाबीन कसं आहे ते सांगायचे. घरी ये, एवढं मात्र कधी म्हणायचे न्हाईत. भावाच्या मुलाला, माधवला, ताईंनी फोटोतच मोठा होताना बघितलं.

गेल्या वर्षी माधवच्या बायकोचा फोन आला. पोरगी झाली होती. "आत्याबाई, पाळण्याला या. यांना सख्खी बहीण न्हाई. नाव तुमीच ठेवायचं."

आपल्याकडं बाळाचं नाव आत्या ठेवते, ती न्हाई तर बापाची आत्या. ताईंनी फोन ठेवला आणि दिवसभर एकच लुगडं घडी करत बसल्या. म्हणाल्या, "मी न्हाई जात. मी दारात गेले की ढँण वाजंल."

मी म्हणाले, "वाजू द्या. मी सोबत हाय. नको ते मला तसंही ऐकूच येत न्हाई."

आम्ही एसटीनं निघालो. नांदेडला गाडी बदलताना ताई म्हणाल्या, "मावशी, इथं गोदावरी बघू आणि परत जाऊ."

"गोदावरी मी बघितलीय. पाळण्यातली पोरगी बघितली न्हाई. चला."

हदगावला घराजवळ पोचलो तर दारात मांडव, बायकांची ही गर्दी. ताई माझा हात घट्ट धरून होत्या. आम्हाला बघून सगळ्यांच्या माना वळल्या. मलासुद्धा वाटलं, आता वाजतंय. तेवढ्यात भावजय पुढं आल्या, ताईंच्या पायावर तांब्याभर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून लांब फेकला आणि म्हणाल्या, "वन्सं, लई वाट बघायला लावली. बाळाला भूक लागलीय, आधी नाव ठेवा, रडायचं मग बघू." भाऊ मागं उभे होते. त्यांनी ताईंची पिशवी घेतली आणि ती आत ठेवायचं विसरून कार्यक्रम संपेपर्यंत काखेतच धरून बसले.

ताई पाळण्याशी वाकल्या. कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. आणि पद्धतच आहे, आत्या वाकली की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. हदगावच्या बाया कापूस वेचणाऱ्या, हात काय साधे हायेत? धपाधप सुरू झालं. "घ्या, आत्याबाई! एवढी वर्षं कुठं होता? घ्या अजून!" सगळे मागचे धपाटे त्याच दिवशी वसूल केले. ताई ओरडत होत्या, "मेले गं, मेले!" आणि असं हसत होत्या की पाळणा हलायला लागला. एक धपाटा जरा जास्तच जोरात बसला. तो माझा.

परतताना बसमध्ये त्यांना पाठ टेकता येईना. म्हणाल्या, "मावशी, हे कुठल्याच सिनेमात न्हाई."

आता त्या स्वतःच ते चित्रात काढत आहेत. पाळणा झालाय, बाया झाल्यात, त्यात मीही आहे, हात उगारलेली. ताईंनी मला डोळे मात्र जपानी, ताटाएवढे काढलेत. मालक म्हणतात, एवढे डोळे असते तर सुईत दोरा ओवायला मला कशाला हाक मारली असती?

रेणुकामाय शालिनीताईंना धडधाकट ठेवो, गुडघे हदगावची एसटी चढण्याइतके चांगले ठेवो, हाताला चित्रं सुचत राहोत. त्या पोरीला भाऊ होईल, अजून बहीण होईल, त्यांचीही नावं ताईंनीच ठेवायचीत. तितक्या पाळण्यांशी वाकायला ताईंची पाठ भक्कम राहो. आणि धपाटा घालायला माझाही हात तोवर शाबूत राहो, म्हणजे झालं.