जोखमीवरची सही

आज दुपारी वडिलांना दवाखान्यातून एकलहऱ्याला घरी आणलं. डॉक्टर अजून ठेवा म्हणत होते, पण वडिलांना शेवटचे दिवस घरीच काढायचे आहेत.

निघताना सही करायच्या फॉर्मवर छापलं होतं, 'रुग्णाला स्वतःच्या जोखमीवर नेत आहे.' मी मराठीची शिक्षिका, तरी माझा हात तिथेच थांबला.

आईने विचारलं, "काय लिहिलंय एवढं?"

म्हटलं, "जोखीम. हा शब्द योगक्षेमावरून आला म्हणतात. योगक्षेम म्हणजे मिळवणं आणि मिळालेलं जपणं."

"मग पेन दे इकडं. इतकी वर्षं मीच जपलंय त्यांना."

तिने सावकाश पूर्ण नाव लिहिलं. आता त्यांच्या उशाशी बसली आहे.

तुमच्यापैकी कुणी अशी सही केली आहे का? पुढचे दिवस कसे काढलेत?